सन्मतीचं जावळ

सदलग्यात तारामतीबाईंएवढी हौस कुणाला नाही. नातवाचं, सन्मतीचं, जावळ काढायचं म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगणं केलं, आचारी ठरवला, आणि नेमकं आदल्या दिवशी पोराचं नाक गळायला लागलं!

संकेश्वरहून माहेरी आलेल्या लेकीनं, रूपालीनं, पिशवीतनं अर्धी बाटली काढली. "आमच्या पोराची, श्रेयांसची, अँटिबायोटिकची उरलेली हाय. आत्तीनीच दिलीया. सासूबाई आमच्या, शिंक आली की हेच पाजत्यात. सकाळपत्तोर पोरगं ताजंतवानं!"

"नको वन्सं," सून त्रिशला म्हणाली. "निपाणीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आलोय. साधी सर्दी हाय, तिला ह्या औषधाचा उपेग न्हाय. आणि तान्ह्यापणी सारखं सारखं दिलेल्या पोरांत पुढं दमा जास्त दिसतोय म्हणाल्या. गरज पडली तर त्याच लिहून देतील."

रूपाली तडकली. "म्हंजे श्रेयांसचा दमा आम्हीच आणला व्हय?"

"तसं न्हाय हो. कशानं झाला ते डॉक्टरांनाबी सांगता येत न्हाय. पर उगंच कशाला पाजायचं?"

"आई, उद्या पावणं येणार. शेंबडं पोर मांडीवर घिऊन बसायचं? सांग की तुझ्या सुनंला!"

आता आली का पंचाईत! एकीकडं माहेरवाशीण लेक, दुसरीकडं सून, आणि दारात मांडव. तारामतीबाईंनी सुनेकडं बघितलं. पोराला छातीशी धरून उभी होती. आवाज चढला नव्हता, पण एक पाऊल मागं सरायला तयार नव्हती. बाईंचा ऊर भरून आला.

त्यांनी आचाऱ्याला फोन लावला. "मारुतीराव, उद्याचं रद्द. पोरगं खडखडीत झालं की करू."

"आई! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की! तारामतीच्या सुनंला पावण्यांपरीस पोर मोठं वाटतंय म्हणू देत. लई चांगलं हाय त्ये!"

रूपाली फुगून बसली. पावण्यांना निरोप गेले, तसा तासाभरात तिच्या सासूबाईंचा फोन आला. जावळ का रद्द? औषध पाजलं न्हाय का?

रूपालीनं सन्मतीला छातीशी धरलेल्या वैनीकडं बघितलं. सासूपुढं आजवर ती 'व्हय'च्या पुढं कधी गेली नव्हती.

"वैनीनं नको म्हटलं, आत्ती. बरोबर हाय तिचं," ती म्हणाली. मग घसा खाकरून म्हणाली, "आणि श्रेयांसलाबी आता डॉक्टरांनी लिहून दिल्याबिगर काय पाजायचं न्हाय. मी सांगतोय."

तारामतीबाई पाटावरनं उठल्याच. "त्रिशला, ऐकलंस काय गं? माझी लेक बोलली!"