शांत नावाचा राखी पोपट

मी बोलतोय. त्यात नवल काही नाही, बोलणं हा माझा धंदाच आहे. फक्त आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं होतं. पदरचं बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी राखी रंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकी पोपट. आफ्रिका मात्र मी पाहिलेली नाही. क्युबेकमधल्या एका पक्षिपालकाकडे अंड्यातून बाहेर आलो आणि आईच्या चोचीऐवजी पिचकारीतून खिमट गिळत वाढलो. पुढे न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरच्या अल्फाँस नावाच्या म्हाताऱ्या कोळ्यानं मला विकत घेतलं आणि नाव ठेवलं प्लासिड. आमच्या किनाऱ्यावर ते माणसांचंही नाव असतं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शांत. नाव ठेवताना कुणाला काय ठाऊक असतं म्हणा.

अल्फाँस एकटा राहायचा, क्वचित बोलायचा. त्याच्याकडे मी त्याचा खोकला शिकलो, किटलीची शिटी शिकलो आणि शेवंड पकडायच्या सापळ्यात बोट चेमटल्यावर कोळी देतात ती शिवी शिकलो. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला पंडित समजत होतो.

म्हातारा वृद्धाश्रमात गेला आणि मी त्याच्या भाचीकडे, ओडेटकडे, मंक्टन शहरात आलो. ओडेट दातांच्या दवाखान्यात फोन घेते. तिचा नवरा रेजी हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. म्हणजे वादळ आलं की तो घराबाहेर, आणि शाळा बंद म्हणून त्यांची सहा वर्षांची पोर नोएमी घरात. ओडेट, नोएमी आणि टॅब. माझा पिंजरा बैठकीच्या खोलीत, तिघांच्या मधोमध.

पोपट घोकून शिकतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. उगाच म्हटलेलं शंभरदा ऐकलं तरी आमच्या कानावरून जातं, पण जीव ओतून म्हटलेलं एकदाच पुरतं.

पहिल्यांदा मी टॅब चालू होतानाची धून उचलली. ती वाजवली की नोएमी अंघोळ अर्धी टाकून पळत यायची.

"आई, तो चालू झाला."

"बंद आहे तो. तो मेला प्लासिड आहे."

मला वाटायचं, माझं कौतुक चाललंय.

मग एका संध्याकाळी ओडेटनं टॅब काढून घेतला आणि नोएमीनं जमिनीवर लोळण घेतली. टाचा आपटत असं भोकाड पसरलं की माझ्या वाटीतलं पाणी हललं. ओडेट थोडा वेळ दात आवळून उभी राहिली आणि मग फुटली. "पुरे झालं. कान आहेत का भोकं? आणखी एक आवाज काढलास तर खिडकीतून फेकून देईन तो टॅब." काय ती तान होती. मी एका ऐकण्यात घेतली.

त्यानंतर ओडेटनं शांत राहायचं मनावर घेतलं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की गुडघ्यांवर बसावं, मुलाच्या डोळ्यांत बघावं, हळू बोलावं. ती बसायची. "मला कळतंय, बाळा, तुला राग आलाय." तोंडात मध असायचा, पण मानेच्या शिरा मला वरून दिसायच्या.

"आई, असं बोलू नकोस," नोएमी हुंदके देत म्हणाली. "मला भीती वाटते."

खरी माती मीच खाल्ली. एकदा नोएमी आपण होऊन टॅब द्यायला निघाली होती, हात पुढे झाला होता, आणि मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी गरजलो, "कान आहेत का भोकं?" टॅब भिंतीवर गेला. पुढचं सांगत नाही.

त्या रात्री सूप ढवळता ढवळता ओडेट रेजीला म्हणाली, "रविवारी ल्युसी मावशी येतेय. तिला सांगितलंय, याला तुझ्या शेतावर घेऊन जा. हाच पोरीला पेटवतो."

"आणि याला कुणी शिकवलं?"

"अल्फाँस मामानं."

"मामा? तो तर जेवताना मीठ मागायचं असलं तरी बोट दाखवायचा."

ओडेट सूप ढवळत राहिली. ते कधीच ढवळून झालं होतं.

मी घाबरलो. शेतावर कोंबड्या असतात, आणि मी कोंबड्यांत बसणारा नव्हे. म्हणून मी गोड वाक्य शिकायला बसलो. "मला कळतंय, बाळा." पण त्या वाक्याला चोचीत धरायला कुठे कड म्हणून नाही. "मला" पर्यंत यायचो आणि पुढे अल्फाँसचा खोकला निघायचा.

रविवारच्या आधीच वादळ आलं. रेजी गाडीवर, शाळा बंद, खिडकी पांढरी. दुपारी ओडेटनं टॅब मागितला. नाही मिळाला. तिनं घेतला. नोएमी जमिनीवर. ओडेटची मान लाल होत वर चढली, तोंड उघडलं, आणि तिच्याआधी मी सुरू झालो. तिचाच आवाज, तिचीच तान, खिडकीपर्यंत सगळं.

ओडेट तशीच उघड्या तोंडानं उभी राहिली. मग तोंड मिटून तिनं विचारलं, "मी अशी ओरडते?"

"तू जास्त मोठ्यानं," नोएमी रडता रडता म्हणाली.

ओडेट कोचाला पाठ लावून खाली बसली. टॅब मांडीखाली ठेवला. ना मध, ना दटावणी. मी आणखी दोनदा ओरडून पाहिलं, कुणी दाद दिली नाही. नोएमीचं रडणं वर गेलं, फिरून आलं, बारीक झालं. ओडेट उठली नाही. पोरीनं जवळ सरकत सरकत पाय तिच्या पायाला लावला.

"सूप आहे?" बऱ्याच वेळानं नोएमीनं विचारलं.

"आहे."

मी पंख झाडले. माझ्या मते हा माझा विजय होता.

रविवारी ल्युसी मावशी पिंजऱ्यावर टाकायची चादर घेऊन आली. नोएमी पिंजऱ्याला पाठ लावून उभी राहिली.

"न्यायचं नाही."

"अगं, तुलाच तर त्याचा त्रास होतो ना?"

"तो ओरडला की आई ओरडत नाही."

रेजीनं टेबलावरच्या केकमध्ये एकदम रस घेतला. ओडेट जमिनीकडे बघत होती. मावशीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि चादरीची घडी घातली. "मग मी आपली केकच खाऊन जाते."

तेव्हापासून या घरातलं ओरडण्याचं खातं माझ्याकडे आहे. ओडेटला शांत राहायला मी शिकवलं, असं मी काही दिवस समजत होतो. आता पिंजऱ्यातून रोज बघतो. तिची मान अजून लाल होते, हात घट्ट मिटतात. मग ती खाली बसते आणि रडणं संपेपर्यंत उठत नाही. त्यात माझा वाटा फक्त गोंगाटाचा.

तेव्हा एक विनंती. आमच्या दारावरून जाताना आतून बाई किंचाळताना ऐकू आली, तर थांबून मान हलवू नका. शेजाऱ्यांना काही सांगू नका. तो मी असतो.

बहुतेक वेळा तरी तो मीच असतो.