धुराड्यावरच्या दोन तारा

कागद गिरणीच्या धुराड्याचे फोटो काढण्याइतकं कंटाळवाणं काम जगात दुसरं नसेल. धुराडं हसत नाही, लाजत नाही, ‘माझी डावी बाजू घ्या’ म्हणत नाही. ते नुसतं उभं असतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यापलीकडच्या सहामजली इमारतीच्या गच्चीवर फोटोग्राफरही त्याच्यासमोर तसाच उभा राही. गच्चीच्या फरशीवर त्याने पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके काढून ठेवले होते. स्टँडचे तीन पाय त्या ठिपक्यांवर टेकवायचे आणि टोकापासून पायथ्यापर्यंत बावीस फोटो काढायचे. सहा वर्षं हेच चाललं होतं.

फोटो जायचे तपासणी कार्यालयातल्या इंजिनिअर बाईंकडे. विटांच्या त्या जुन्या धुराड्याला एक उभी भेग होती. तिच्यावर ठिकठिकाणी लोखंडी पट्टे आवळले होते. बाई गेल्या महिन्याचा फोटो नव्या फोटोशेजारी ठेवून भेग वाढली का ते बघत. वर माणूस चढवायचा तर धुराडं थंड करावं लागे, म्हणजे गिरणी बंद. ड्रोन उडवायचा तर विमानतळ जवळ, परवानगी नाही. मग उरला आपला फोटोग्राफर आणि त्याची आरशाची लेन्स.

ही लेन्स लांबचं जवळ दाखवते, पण स्वतः मात्र आखूड असते. साध्या टेलिफोटोला हातभर नळकांडं लागतं. हिच्यात मागे एक आरसा, पुढच्या काचेच्या मधोमध एक छोटा आरसा. प्रकाश त्या दोघांत ये-जा करतो आणि मग कॅमेऱ्यात शिरतो. त्यामुळे सगळा प्रकार जेवणाच्या डब्याएवढा. मोठी लेन्स फोटोग्राफरने विकून टाकली होती, कारण त्याचा उजवा खांदा जखडला होता. हात वर जाईना. केस विंचरताना फणीऐवजी डोकंच हलवावं लागे.

पण हलकी वस्तू म्हटली की नखरे आलेच. हिचा फोकस आपल्या हातांनी जुळवायचा. तो जरा चुकला की चकाकणारे ठिपके बांगडीसारखे दिसतात, कडेने गोल आणि मधे पोकळ, आणि एकेरी रेषा दुहेरी होते. शिवाय हिला ऊन सोसत नाही. थंड खोलीतून उन्हात आणली की आतलं सगळं सूतभर फुगतं आणि जुळवलेला फोकस गुपचूप सरकतो. म्हणून वर पोचल्यावर अर्धा तास तिला कठड्याच्या सावलीत नुसतं बसवायचं, असा त्याचा नेम होता. “हवा खाऊ दे बिचारीला,” असं वॉचमनला सांगून तो जिन्याच्या पायरीवर टेकायचा. खरं तर हवा तोच खायचा.

या महिन्यात त्याने तो नेम मोडला. खांद्याच्या कळांनी तीन दिवस झोप नव्हती. लिफ्ट बंद होती, सहा मजले चढून जीव मेटाकुटीला आलेला. त्याने लेन्स पिशवीतून काढली ती थेट कॅमेऱ्याला लावली. धुराड्याच्या टोकावर फोकस जुळवला, आणि पुन्हा पुन्हा वाकायला नको म्हणून फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी मारून टाकली. बावीस फोटो पंधरा मिनिटांत उरकले. कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर सगळे छान दिसत होते. छोट्या पडद्यावर काय, सगळेच छान दिसतात. घरी जाऊन त्याने ते तसेच पाठवून दिले आणि आडवा झाला.

चौथ्या दिवशी गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. जुन्या भेगेला लागून दुसरी भेग दिसते आहे, सबब भट्टी विझवावी आणि गिरणी बंद ठेवावी. मालकाने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की धुराडं निकामी ठरलं तर तो दुरुस्तीच्या भानगडीत पडणार नाही, यंत्रं उचलून दुसऱ्या गावी नेईल. दीडशे माणसं घरी बसली. त्यांतले एक फोटोग्राफरचे भावजी होते, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चोवीस वर्षं ते बॉयलरवर होते. दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि या वयात शिकवायला कोणी बसलं नव्हतं.

रविवारी तो ताईकडे गेला. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर भावजींचा डबा पुसून, झाकण लावून ठेवलेला.

“आज रविवार ना?” त्याने विचारलं.

“रविवार असो नाहीतर सोमवार, माझे डोळे पाचला उघडतात,” ताई म्हणाली. “हात आपोआप डबा भरतात. मग हे एक वाजता इथंच या टेबलावर उघडून जेवतात. ताटात वाढते म्हटलं तर नको म्हणतात.”

“डब्यातलं जेवण वेगळं लागतं,” भावजी आतल्या खोलीतून म्हणाले. “बसा मेहुणे. तुमच्या फोटोने आमची सुट्टी लावली. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी मोठी.”

ते चेष्टेत म्हणाले. पण दाढी वाढली होती, आणि हसताना ते खिडकीबाहेर बघत होते. त्या खिडकीतून धुराड्याचं टोक दिसायचं. टोकावर धूर नव्हता.

नोटिशीसोबत लावलेल्या फोटोची मोठी प्रत कामगारांनी काढून आणली होती. भावजींनी ती टेबलावर पसरली. चष्मा वर-खाली करत ते बराच वेळ बघत राहिले, आणि मग अगदी सहज म्हणाले, “एक सांगा मेहुणे, आमच्या धुराड्याला दोन तारा कधीपासून झाल्या?”

“कुठल्या तारा?”

“ही काय, वीज पडली तर जमिनीत जावी म्हणून वरून खाली आणलेली तार. एकच आहे ती. धुराड्यावर माणूस चढायचा तेव्हा तिचे खिळे मी खालून मोजून द्यायचो. इथे दोन दिसतात.”

फोटोग्राफरने कागद ओढून घेतला. शिडीच्या पायऱ्यांवर उन्हाची तिरीप पडली होती, आणि तिथल्या प्रत्येक चकाकत्या ठिपक्याची बांगडी झाली होती. गोल, मधे पोकळ. तार दोन. शिडीची कड दोन. आणि भेगही दोन. त्याच्या पायाखालची जमीन सरकली. शिकाऊ पोरानेसुद्धा ओळखलं असतं, आणि हा पस्तीस वर्षं या धंद्यात! टोकाचे चार-पाच फोटो नीट होते; तोवर लेन्स तापायची होती. भेग होती खाली, पंधराव्या फोटोत.

गप्प बसता आलं असतं. भावजींना आरशाच्या लेन्सचं गणित माहीत नव्हतं, आणि ताईला त्यांच्या दाढीपलीकडे काही दिसत नव्हतं. पण डबा ओट्यावर होता. फोटोग्राफरने तोंड उघडलं आणि चिकटपट्टीपासून सगळं सांगून टाकलं. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि ते बघून त्याला राहवेना.

“भेग एकच आहे, ताई. मी सांगतो ना. पुढच्या सोमवारी भावजी कामावर.”

ताईने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “गाढवा, अर्धा तास बसायला काय झालं होतं तुला?” धपाटा नेमका उजव्या खांद्यावर बसला.

इंजिनिअर बाईंना त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. बाई म्हणाल्या, “तुमच्या एका फोटोवर मी दीडशे माणसं घरी बसवली. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.”

“उद्या दुपारपर्यंत नवे फोटो पाठवा. भेग एकच असेल आणि गेल्या महिन्याएवढीच असेल, तर सोमवारी भट्टी पेटू दे. आणि पुढच्या महिन्यापासून मी दुसरा माणूस बघते.”

“बघा,” तो म्हणाला. काम गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला आधी आठवले ते सहा मजले. चला, जिना तरी सुटला.

मंगळवारी सकाळी भावजी स्वतः स्टँड उचलायला आले. गुळगुळीत दाढी केलेली, अंगात गिरणीचा निळा शर्ट. लिफ्ट अजून बंदच होती. प्रत्येक मजल्यावर दोघं थांबत होते. एकाचा खांदा, दुसऱ्याचे गुडघे. “आपल्या दोघांतून एक धड माणूस निघेल,” भावजी म्हणाले.

वर पोचल्यावर स्टँड ठिपक्यांवर लावला. हलू नये म्हणून खाली पाण्याचा भरलेला कॅन टांगला. लेन्स सावलीत ठेवली. या वेळी फोटोग्राफरने घड्याळ लावून चाळीस मिनिटं मोजली, वर दहा आणखी दिली. जिभेला चटका बसलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. भावजी पायरीवर बसून धुराड्याकडे बघत होते. चोवीस वर्षं ते त्याच्या पायथ्याशी होते, पण समोरून असं निवांत त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

“उंच आहे हो,” ते म्हणाले.

मग फोटोग्राफरने कॅमेऱ्याच्या पडद्याजवळ डोकं नेलं, वरून काळं फडकं घेतलं आणि विजेची तार शोधली. पडद्यावर ती मोठी करून घेतली. दोन तारा होत्या. त्याने फोकसचं कडं दोन बोटांनी हळूहळू फिरवलं. दोन्ही तारा एकमेकींकडे सरकू लागल्या, अगदी जवळ आल्या, आणि एक झाल्या. खिळेसुद्धा मोजता येत होते. त्याचा जीव भांड्यात पडला. चिकटपट्टी खिशातच राहू दिली. प्रत्येक फोटोआधी तो तारेवर फोकस तपासत होता.

पंधराव्या फोटोला भेग आली. एकच होती. “भावजी, एकच!” तो फडक्याखालून ओरडला, आणि त्याच आनंदात भेगेच्या मागे मागे खाली उतरला.

गेल्या महिन्यात भेग तिसऱ्या पट्ट्याच्या वर संपत होती. ते ठिकाण त्याला पाठ होतं. तिथे एका विटेचा कोपरा उडालेला आहे. आता भेग त्या कोपऱ्यावरून पुढे गेली होती, पट्ट्याखाली शिरली होती आणि पलीकडे चांगली हातभर बाहेर आली होती. पट्टाही विटांपासून सुटलेला. मधल्या फटीत सावली दिसत होती. मागच्या धुरकट फोटोत हे सगळं पुसलं गेलं होतं. चुकीच्या फोटोने गिरणी बंद पाडली होती, आणि बरोबर फोटो तिला उघडू देणार नव्हता.

त्याने पुन्हा पाहिलं. लेन्सला दोष देता येईल असं काही सापडलं नाही. तार एकच होती.

“काय झालं?” भावजींनी विचारलं.

तो फडक्याखालून बाहेर आला आणि बाजूला झाला. भावजींनी चष्मा काढला, फडक्याखाली डोकं घातलं, आणि बराच वेळ वाकून राहिले.

“हे कडं जरासं फिरलं तर?” ते अजून वाकलेलेच होते.

“तर हे वाढलेलं दिसणार नाही. भेग एकच दिसेल, पण खालचं टोक पुसट होईल. तारही फारशी फाटणार नाही. बाईंनासुद्धा कळणार नाही.”

“आणि तुमचं काम?”

“ते गेलंच आहे.”

भावजी सरळ झाले. गुडघ्यावर हात ठेवून, टप्प्याटप्प्याने. “बॉयलरचं घर बरोबर त्या पट्ट्याखाली आहे,” ते म्हणाले. “दिवसपाळीला आम्ही सात जण असतो. रात्री पाच.” मग म्हणाले, “काढा फोटो. हात लावू नका कड्याला.”

फोटोग्राफरने फोटो काढला. मग उरलेले सगळे काढले, बावीसच्या बावीस. आज काही उरकायचं नव्हतं. सामान पिशवीत भरेपर्यंत भावजींचा फोन वाजला. ताईच असणार होती, सकाळपासून तिसऱ्यांदा.

“हो, झालं,” भावजी म्हणाले. “फोटो? फोटो फार स्वच्छ आलाय. एवढा स्वच्छ कधी आला नसेल.”

पलीकडून ताई भरभर काहीतरी बोलत होती. भावजी ऐकत राहिले. मग त्यांनी फोन कानापासून काढला आणि मेहुण्यापुढे धरला. फोटोग्राफरला तो डाव्या हाताने घ्यावा लागला.

“अरे, हे धड सांगतच नाहीत,” ताई हसत होती. “सोमवारी डबा कितीला लागेल ते तरी विचार यांना. नेहमीसारखा सहालाच ना?”

त्याने समोर बघितलं. भावजी कॅन उलटा करून पाणी गच्चीवर सोडत होते, पांढऱ्या ठिपक्यांवरून. खांदा ठणकत होता.

“ताई,” तो म्हणाला, “सोमवारी डबा नको भरूस.”