शाईचं पेन

वनमालाबाईंच्या दर वाढदिवसाला श्रीपादराव एक अवघड शब्दकोडं रचून द्यायचे. त्यातल्या सहा शब्दांना सूचनाच नसायची. सहाही एकाच विषयातले, आणि तो विषय वनमालाबाईंनीच हुडकायचा. त्या कोडं पेन्सिलने भरायच्या. शब्द बरोबर असला तरच श्रीपादराव आपल्या शाईच्या पेनाने तो गिरवायचे. त्या पेनाला वनमालाबाईंनी हात लावायचा नाही, हा नियम. चाळीस वर्षं त्यांना या नियमाचा राग होता.

यंदाचं कोडं श्रीपादरावांनी दवाखान्यात रचलं, आणि वाढदिवसाच्या आधीच ते गेले.

महिनाभर डोकं खाजवल्यावर आज विषय सापडला. सराफा, दौलतगंज, नजरबाग... नवं लग्न झालं तेव्हा दोघं रोज संध्याकाळी शहराच्या लष्कर भागात पायी फिरायची, त्या जागा.

"बरोबर असेल का गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"आई, बाबांनी उत्तरांचा लिफाफा ठेवलाय ना," यशश्री म्हणाली. "खोलून बघून घ्या."

लिफाफा जड लागला. आत उत्तरं नव्हतीच. पेन होतं, शाई भरलेलं.

"आत्ता देताय होय!" वनमालाबाई कडाडल्या, आणि पहिलं अक्षर गिरवू लागल्या.