झेलेन्का बाईंची पिकअप वळताना थरथरते

बुधवारी सकाळी झेलेन्का बाईंची पिकअप माझ्या गॅरेजच्या दारात वळली आणि मागून तिची धडधड सुरू झाली. आत येऊन गाडी सरळ झाल्यावरच ती थांबली. बाई खाली उतरल्या, कोट नीट केला आणि म्हणाल्या, "लॉर्ना, ऐकलंस?"

"बहिरी असते तरी ऐकलं असतं, बाई."

बाई मला चौथीला होत्या. आज मी चोपन्न वर्षांची आहे, चाळीस मैलांच्या टापूत माझ्याइतका गाडीतला जाणकार कुणी नाही असं मी छातीठोकपणे सांगते. पण बाई समोर आल्या की तेलकट नखं आपोआप पाठीमागे जातात.

"येत्या शनिवारी डेरिल येतोय," बाई म्हणाल्या. डेरिल म्हणजे त्यांचा मुलगा, ओमाहात असतो. "ईस्टरला त्यानं गाडी चालवली. तिकडच्या कुणा मेकॅनिकला फोनवर आवाज ऐकवला, तो म्हणाला मागचा एक्सल गेला. आता डेरिल मला न्यायला येतोय. त्यानं फ्लॅट बघून ठेवलाय. सहाव्या मजल्यावर."

"आणि कोंबड्या?"

"तेच विचारलं मी. गॅलरीत ठेवू का म्हटलं." बाई हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "मिलोश गेला तेव्हा," म्हणजे त्यांचा नवरा, "मीच डेरिलला शब्द दिला होता. ही गाडी चालतेय तोवर मी शेतावर राहीन, बंद पडली की तुझ्याकडे येईन. मला आता दुसरी गाडी झेपायची नाही. तेव्हा एक्सल गेला असेल तर गेला म्हण. माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही."

बाईंचं शेत गावापासून बारा मैलांवर आहे. तिथे गाडीशिवाय राहणं म्हणजे बेटावर राहणं.

मी चावी घेतली आणि एक फेरी मारून आले. सरळ रस्त्यावर गाडी गुणी. हायवेच्या लांब वळणावरही गुणी. पण हळू, अगदी पुरतं वळवलं की अंगात आल्यासारखी घुमायची. गाडी तापली की जास्तच. चारी टायर एका मापाचे, सारखे झिजलेले. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे सांधेही ठीक होते. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गिअर काढला आणि एक चाक हातानं फिरवलं, तर दुसरंही त्याच दिशेला फिरलं. म्हणजे हिच्या डिफरन्शियलमध्ये, मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्यात, प्लेटा होत्या.

हे मी बाईंना समजावलं, आणि चौथीत त्यांनी मला भागाकार समजावला होता त्याचं उट्टं काढल्यासारखं वाटलं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. तेव्हा आतल्या प्लेटांनी एकमेकींवरून गुपचूप सरकायचं असतं. त्या सरकण्याऐवजी धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, की झाली धडधड.

"का धरतात?"

"एक तर झिजल्यात. नाहीतर तेल चुकीचं आहे."

मी गाडीखाली सरपटले. सगळीकडे नेब्रास्काचा चिखल, आणि डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट तेवढे लख्ख पुसलेले. झाकणाच्या कडेला नव्या सीलंटची नारिंगी रेघ. इतकी सुबक की मला हेवा वाटला.

"बाई, हे कुणी उघडलं होतं?"

"कुणी नाही. मिलोशनंतर कुणी हात लावला नाही तिला."

मी खालीच पडून राहिले. काय झालंय ते मला कळलं होतं. आमच्या गावात कुणाचा नवरा किंवा बायको गेली की मागे राहिलेल्याची कामं आपोआप होतात. बर्फ उपसलेला असतो, लाकडं फोडून रचलेली असतात, गाडीचं तेल बदललेलं असतं. कुणी केलं ते विचारायचं नाही, आणि करणाऱ्यानं तर मेलं तरी सांगायचं नाही. सांगितलं तर केलेलं मातीत गेलं. एरवी मला या रिवाजाचं कौतुक आहे. त्या बुधवारी मात्र राग आला. डिफरन्शियलमधून काढलेल्या जुन्या तेलात धातूचा चुरा होता की नव्हता, हे फक्त काढणाऱ्यालाच माहीत. चुरा असेल तर प्लेटा संपल्या आणि बाई सहाव्या मजल्यावर. नसेल तर नुसती एक छोटी बाटली घालायची राहिली असेल. या प्लेटांना नुसतं तेल पुरत नाही, सरकण्यासाठी वेगळं औषध लागतं.

गुरुवारी सकाळी धान्य सोसायटीत गावातले सगळे पुरुष कॉफीला जमतात. मी आत गेले आणि टेबलावर हात आपटला.

"झेलेन्का बाईंच्या गाडीचं मागचं तेल कुणी बदललं?"

एकानं कानावर हात ठेवले, दुसऱ्याला एकदम बाहेरचं हवामान बघावंसं वाटलं.

"ज्यानं केलं तो गाढव आहे," मी म्हणाले. म्हटलं, चिडून तरी कुणी बोलेल. "त्या गाढवापायी बाईंना शनिवारी गाव सोडावं लागणार आहे!"

सगळ्यांनी कॉफीचे कप तोंडाला लावले. मी दार आपटून निघाले.

दुपारी गॅरेजच्या मागच्या दारात एमिल कुबाट उभा होता. बाईंच्या शेताला लागून त्याचं शेत. वय त्र्याहत्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि वर्षाकाठी बोलणार तीन वाक्यं. टोपी हातात धरून तो टोपीकडेच बघत होता.

"ते गाढव," तो म्हणाला. "मी."

मी त्याला उपड्या खोक्यावर बसवलं. एकेक शब्द ठिबकत बाहेर आला. फेब्रुवारीत लिबी, म्हणजे झेलेन्का बाई, आठवडाभर नातवाकडे गेली होती. तेव्हा हा बाबा तिच्या शेडमध्ये गोठलेल्या जमिनीवर पाठ टेकून काम करत होता.

"पुस्तक वाचून केलं," तो म्हणाला. आमच्याकडचे पुरुष गाडीचं पुस्तक वाचायला लाजतात, त्यामुळे हे कबूल करणं त्याला जास्त जड गेलं असावं.

"मग पुस्तकात बाटलीचं वाचलं नाहीस?"

"वाचलं. आणली पण." त्यानं खिशातून बाटली काढली. सील तुटलेलं, बाटली भरलेली. "उघडली तर वास आला. मासे सडल्यासारखा. म्हटलं खराब निघाली. दुसरी आणली. तीही खराब."

मी हसायला लागले ते थांबेचना. "अरे एमिल, ती चांगलीच असते! तिचा वासच तसा असतो!"

तो खरोखर हादरला. "लिबीच्या गाडीत? ती चर्चला जाते त्या गाडीतून."

"बरं, जुनं तेल फेकलंस?"

"तेल कोण फेकतं?" तो दुखावला.

अर्ध्या तासात त्यानं कॉफीचा डबा आणला. मी त्यात लोहचुंबक फिरवलं. थोडा करडा लेप आला, बस. चुरा नाही, कण नाही. मी एमिलच्या टकलाची पापी घेतली. तो बीटासारखा लाल झाला.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगणार."

थोडं तेल उपसून मी बाटली ओतली. पण जीव भांड्यात पडला नव्हता. बाई दोन महिने गाडी तशीच चालवत होत्या. तेवढ्यात प्लेटा जळल्या असतील तर बाटलीही काही करणार नव्हती. ते कळायला गाडी इंग्रजी आठच्या आकड्यात दहा-बारा वेळा हळूहळू फिरवावी लागते, म्हणजे औषध प्लेटांच्या फटींत जातं.

"डेरिलसमोरच फिरवायची," बाईंनी फोनवर बजावलं. "त्याला शंका राहायला नको."

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी कोलाच, म्हणजे आमचे चेक गोड पाव, विकायला मांडले होते, प्रून आणि खसखस भरलेले, त्यामुळे अर्धं गाव पार्किंगच्या कडेला बशा घेऊन उभं होतं. गाडी बाई चालवत होत्या, मधे मी, खिडकीशी डेरिल. पहिला आकडा, धडधड. दुसरा, तीच धडधड.

"आई, बघ ना," डेरिल हळूच म्हणाला. चांगला मुलगा आहे, त्याला वाईट वाटत होतं. "मी उगाच म्हणत नव्हतो."

"डेरिल, मोज," बाई म्हणाल्या. त्यांनी तिसऱ्या आकड्याला गाडी वळवली.

चौथ्या आकड्यालाही तेच. मी देवाला नाही नाही ते कबूल केलं. सहाव्याला धडधड जरा सैल झाली. आठव्याला नुसती थरथर. दहाव्याला डावीकडे काही नाही. उजवीकडेही काही नाही.

"पुन्हा डावीकडे," डेरिल म्हणाला.

काही नाही. मग त्यानं स्वतः दोन आकडे काढले, काचा खाली करून, कान बाहेर देऊन. गाडी लोण्यावरून जावी तशी वळली. त्यानं गाडी थांबवली, आईकडे पाहिलं आणि हसायलाच लागला. "फ्लॅट रद्द करतो," तो म्हणाला. मी इतक्या जोरात हॉर्न दाबला की पाद्री बाहेर आले.

डेरिल उतरला, बाई पुन्हा स्टिअरिंगवर आल्या. "लॉर्ना, तेल कुणी बदललं होतं?"

"सांगता येत नाही, बाई."

"नको सांगूस. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी. सगळे माझ्या चाकांकडे बघत होते. गाडी धडधडली की एकाच माणसाचं तोंड कळ आल्यासारखं होत होतं. उतर तू." त्यांनी खिडकीतून मान काढली आणि वर्गातल्या आवाजात हाक मारली, "एमिल कुबाट! इकडे ये!"

सगळे पुरुष आपापल्या बुटांकडे बघू लागले. असं चारचौघांत कुणी कधी विचारलं नव्हतं. एमिल आला.

"मागचं तेल तू बदललंस."

"हो."

"आणि बाटली घातली नाहीस. का?"

एमिलनं हातातली टोपी फिरवली. मग आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "तिला घाण वास येतो, लिबी, आणि तुझ्या गाडीत घाण वास यावा असं मला वाटेना."

अख्ख्या पार्किंगनं ऐकलं. झेलेन्का बाईंना लाजताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"बस आत," त्या म्हणाल्या.

तो बसला. "बाई, पुरे झालं आता," मी म्हणाले, "गाडी बरी झाली."

"तुला कुणी विचारलं?" बाई म्हणाल्या आणि गिअर टाकला.

त्यांनी अजून एकोणीस आकडे काढले. मी आणि डेरिल कडेला उभे राहून कोलाच खात होतो. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण बोलत एमिल होता आणि हसत बाई होत्या. डेरिल खूप वेळ बघत राहिला. मग बोटं पुसत त्यानं विचारलं, "अजून किती वर्षं चालेल ही?"

"वेळेवर तेल बदललं तर वीस."

"मग एमिलना सांग," डेरिल म्हणाला, "पुढच्या वेळी बाटली विसरू नका म्हणावं."