नर्जिसचा पहिला रोजा

वसीलाला ती बातमी हमामात कळली, आणि तीही बद्राच्या तोंडून. बद्रा म्हणजे लोत्फीची चुलत बहीण. लोत्फीशी वसीलाचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्याच्या घरातल्या बायकांशी काही कुणी घटस्फोट करून देत नाही. त्या बाजारात भेटतात, लग्नात भेटतात, आणि रमजानमध्ये इफ्तार आटोपल्यावर हमामात अंग चोळायला बसलं की नेमक्या शेजारी येऊन बसतात.

"शनिवारी काय घालणार आहेस गं?" बद्राने पाठीवर पाणी ओतून घेत विचारलं.

"शनिवारी? का? काय आहे शनिवारी?"

"अगं बाई! तुला कुणी सांगितलंच नाही?" बद्राने तोंडावर हात ठेवला, पण बोटांच्या फटीतून हसू दिसतच होतं. "आपल्या नर्जिसचा पहिला रोजा! झुलीखाकाकूने अर्ध्या त्लेमसेन शहराला बोलावलंय. स्वतःच्या लग्नात घातलेली जरीची शेद्दा काढलीये पेटीतून, आखूड करून घेतलीये पोरीच्या मापाची. नवरी सजवणारी बाईसुद्धा ठरवलीये. मला वाटलं तू तर असणारच, आई आहेस."

"शनिवारी पाचला नर्जिस माझ्याकडे परत येते," वसीला म्हणाली. "रोजा सुटतो सातच्या सुमाराला."

"ते काय, लोत्फी म्हणाला ना, आयत्या वेळी फोन करून सांगू, गाडी बंद पडली म्हणून. तू काय, दोन तासांसाठी कोर्टात जाणार आहेस थोडीच?"

वसीलाने तांब्या खाली ठेवला. हमामात वाफ इतकी होती, की तिच्या तोंडावरचं पाणी घामाचं की डोळ्यांचं, हे बद्रालासुद्धा ओळखता आलं नाही. आणि तेवढं एक बरं झालं.

रोजे माणूस जन्मभर धरतो, पण पहिला एकदाच. त्या दिवशी पोरीला नवरीसारखी सजवून उंच आसनावर बसवतात, आयाबाया तिच्याभोवती आनंदाच्या किलकाऱ्या मारतात, आणि अजान झाली की तळाशी सोन्याची अंगठी टाकलेलं सरबत तिच्या ओठांना लावतात. लावायचं कुणी? आईने. वसीलाला तिच्या आईने लावलं होतं, तिच्या आईला तिच्या आईने. ह्यात कुठे झुलीखा नावाची माजी सासू बसत नव्हती.

त्या बाईने आधीच काय कमी लुटलं होतं? खटल्यात न्यायाधीशांनी पोर आईकडे दिली, आणि आठवड्यातली एक रात्र बापाला. शुक्रवारी सकाळी दहा ते शनिवारी संध्याकाळी पाच. "एका रात्रीने काय बिघडतं, बाई?" असं त्यांनी चष्मा पुसत विचारलं होतं. काय बिघडतं ते वसीलाने मग भोगून पाहिलं. नर्जिसचा पहिला दात त्याच एका रात्री पडला. सकाळी उठून आजीने तो तिच्याकडून सूर्याकडे फेकवला, त्याच्या बदल्यात हरणाचा दात मागायला लावला, आणि वर वसीलाला फोन करून ऐकवलं, "पोरीने असा फेकला म्हणतेस, गच्चीपार!" दुसऱ्या एका शनिवारी पोर परत आली ती कंबरेएवढे केस कानापर्यंत कापून. "उवा झाल्या होत्या," म्हणे. उवा! वसीला रोज रात्री तेल लावून ते केस विंचरत होती. एक ऊ असती तर तिने नावानिशी ओळखली असती.

त्या केसांच्या वेळी ती मोरीत बसून रडली होती. ह्या वेळी मात्र हमामातून घरी आल्यावर तिला रडू येईना. डोकं एकदम थंडपणे चालायला लागलं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडलं.

"ताई, आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग, हे चालणार नाही," तिचा धाकटा भाऊ फेथी म्हणाला. "लोत्फी भित्रा आहे. ऐकेल."

"नाही. फोन नाही करायचा."

"मग?"

"शिजवू देत की. सगळं शिजवू देत. पाहुणे येऊ देत, पोरीला सजवू देत. मी पाचला जाते."

"आणि नर्जिस? तिचा रोजा असेल."

"रोजा घरी येऊन सोडेल. माझ्या घरी. सरबत काय त्यांनाच येतं करता?"

"ताई, तू तिला भरल्या मांडवातून उठवून आणणार?"

"मी कुणाला उठवत नाही. कोर्टाने पाच म्हटलंय," वसीला म्हणाली. हे वाक्य तिने पुढचे तीन दिवस मनातल्या मनात इतक्या वेळा म्हणून पाहिलं, की त्याची चव तिच्या जिभेला लागली. भाकरी थापताना म्हटलं, पोरीची वेणी घालायला केसच नव्हते म्हणून नुसता कंगवा फिरवताना म्हटलं. शुक्रवारी सकाळी नर्जिस बापाच्या गाडीत बसायला निघाली, तेव्हा दारात घुटमळली. "आई, उद्या तू काय करतेयस?" तिने विचारलं. "काही नाही गं, स्वयंपाक," वसीला म्हणाली. पोर गालातल्या गालात हसली आणि पळाली. तिला कुणीतरी गुपित ठेवायला सांगितलंय, हे आंधळ्यालाही कळलं असतं. आपल्या पोरीला आपल्याशीच लपवाछपवी शिकवतात, ह्या विचाराने वसीलाचा उरलासुरला संकोचही गेला.

शनिवारी चारला लोत्फीचा फोन आलाच. गाडी बंद पडली होती. "असू दे हं," वसीला अगदी गोड आवाजात म्हणाली. "गाडीची काळजी करू नकोस. मीच येते न्यायला." आणि तिने फोन ठेवून दिला.

झुलीखाच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत चौकात बायकाच बायका, मखमली झगे, सोन्याच्या कमरपट्ट्यांचा खणखणाट. हरीऱ्याच्या सुपाचा आणि संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास दरवळत होता, आणि सकाळपासून पोटात अन्नाचा कण नसलेल्या वसीलाला त्या वासाने आणखीच चीड आली. चौकाच्या मध्यभागी उंच गाद्यांवर तिची पोर बसली होती. जरीची शेद्दा, डोक्यावर सोनेरी टोपी, गळ्यापासून पोटापर्यंत मोत्यांचे सर. एवढ्याशा चेहऱ्यावर ओठ पार सुकले होते आणि डोळे लखलखत होते.

"आई!" नर्जिस ओरडली. तिला उठता येईना, अंगावर इतकं ओझं होतं. "आई आली! आजी, मी म्हटलं होतं ना आई येणार! आई, मी पहाटे सहरीला उठले होते, आणि पाणीसुद्धा प्यायले नाही, एक घोटसुद्धा नाही! बद्राआत्या बिस्किट देत होती ना, तरी नाही खाल्लं!"

किलकाऱ्या थांबल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोपऱ्यात लोत्फी उभा होता, त्याच्या हातातलं खजुराचं ताट तिरपं झालं.

झुलीखा पुढे आली. मोठी ताठ बाई, सत्तरीतही पाठीला बाक नाही. तिने वसीलाच्या हातातला कोर्टाचा कागद पाहिला आणि तिला सगळं कळलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "वसीला, आलीस ते बरं झालं. बस. चूक झाली आमची, तुला बोलवायला हवं होतं. दोनच तास राहिलेत. तूच पाज तिला सरबत, तुझ्या हाताने. मग घेऊन जा."

तेवढंच तर हवं होतं वसीलाला. तीन दिवसांपूर्वी हमामात कुणी हे म्हटलं असतं तर ती धावत आली असती. पण आता सगळा चौक कान टवकारून ऐकत होता, आणि ती बाई, जिने आयुष्यात कधी चूक कबूल केली नाही, ती सगळ्यांसमोर मान खाली घालून उभी होती. ही मान आणखी थोडी खाली जाऊ शकते, एवढंच वसीलाला दिसलं.

"कोर्टाने पाच म्हटलंय, लाल्ला," सासूला म्हणायचा तो मानाचा शब्द वापरत ती मोठ्याने म्हणाली. "पाच वाजले. पोलीस चौकी कोपऱ्यावरच आहे. बोलावू का, का तुम्हीच देताय?"

"अगं, पोरीचा रोजा आहे गं!" कुणीतरी मागून म्हणालं.

"माझ्या पोरीचे केस कापले तेव्हा कुणी आठवण केली होती का, की ती माझी पोर आहे?"

लोत्फी पुटपुटला, "वसीला, माणुसकी म्हणून तरी," आणि झुलीखानेच त्याला हाताने गप्प केलं. "दे तिची तिला," ती म्हणाली. "शेद्दा राहील इथे."

सजवणारी बाई टाचण्या काढायला लागली. सकाळभर बसून लावलेल्या त्या. टोपी उतरली, मोत्यांचे सर उतरले, शेद्दा उतरली, आणि भर चौकात, सगळ्यांच्या नजरांखाली, गाद्यांवरची ती नवरी पाहता पाहता बारीक केसांची एक शाळकरी पोर झाली. नर्जिस रडली नाही. तिने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि स्वतःचे बूट स्वतः घातले. बाहेर पडताना वसीलाला पाठीमागे कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. तो झुलीखाचा होता. वसीलाने मुद्दाम पावलं हळू टाकली, नीट ऐकू यावा म्हणून. इतकं गोड तिने बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

गाडी फेथी चालवत होता. वसीलाच बोलत होती. "बघ तर खरी, घरी काय काय केलंय तुझ्यासाठी. बुरेक केलेत, चिकनचे. आणि नवा काफ्तान, हिरवा. शेजारच्या सगळ्या काकू आल्यात. मी पाजणार तुला सरबत. आई पाजते ना, आजी नाही पाजत."

"आजी म्हणाली होती तूच पाज," नर्जिस खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"ते तुला नाही कळायचं."

"मला कळलं. मी ऐकत होते."

घरात शेजारणी खरंच जमल्या होत्या. नर्जिसला हिरवा काफ्तान घातला, दोन उशा रचून उंचावर बसवलं. किलकाऱ्या झाल्या, पण जरा घाबऱ्या घाबऱ्याच. पोर दगडासारखी बसली होती. कुणी म्हणालं, दमली असेल. कुणी म्हणालं, भूक लागली असेल, आता काय, थोडाच वेळ. टेबलावर हरीऱ्याचं भांडं आलं, खजूर आले, दूध आलं. वसीलाने सरबतात आपल्या आईची अंगठी टाकली आणि ग्लास हातात धरून खिडकीशी उभी राहिली. मशिदीच्या भोंग्याकडे तिचे कान लागले होते. जिंकलो आपण, असं तिने स्वतःला सांगितलं. छातीत जे हलकं वाटायला हवं होतं ते अजून वाटत नव्हतं, पण अजान झाली की वाटेल.

नर्जिस उशांवरून उतरली.

"कुठे चाललीस गं? आता होईलच," एक शेजारीण म्हणाली.

पोर स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती स्टीलचा पेला काठोकाठ भरून, दोन्ही हातांत धरून, आणि थेट आईसमोर येऊन उभी राहिली. सगळ्या खोलीला कळलं, पण कुणालाच वेळेवर हलता आलं नाही.

"नर्जिस, ठेव तो पेला," वसीला म्हणाली.

नर्जिसने आईच्या डोळ्यांत डोळे घातले आणि प्यायला सुरुवात केली. घाईने नाही. एकेक घोट, सगळ्यांना दिसेल असा. पाणी हनुवटीवरून काफ्तानावर सांडलं. अख्खा पेला संपेपर्यंत ती थांबली नाही, आणि तिने एकदाही पापणी लववली नाही.

"आता तुझा पण नाही," ती म्हणाली. "आणि आजीचा पण नाही."

वसीलाचा हात उठला होता. तो तसाच वर राहिला. समोर उभं असलेलं ते तोंड तिने ओळखलं. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्यांत थेंब नाही. दोन तासांपूर्वी झुलीखाच्या चौकात हेच तोंड घेऊन ती स्वतः उभी होती. पोरीला तिच्याकडून शिकायला एवढीशी संध्याकाळ पुरली होती, आणि शिकली ती बिनचूक शिकली होती. वसीलाला लाज वाटली, इतकी की शेजारणींकडे बघवेना.

अजान झाली. शेजारणींनी गुपचूप एकेक खजूर उचलला. कुणी किलकारी मारली नाही. इतक्यात फोन वाजला. झुलीखाचा होता.

"भांडायला नाही केला फोन," पलीकडून म्हातारीचा थकलेला आवाज आला. "एवढंच सांग, पोरीने रोजा नीट सोडला ना? सरबत घेतलं ना?"

हो म्हणणं काहीच अवघड नव्हतं. हो, माझ्या हातून घेतलं, गटागटा. एवढं म्हटलं असतं तर म्हातारी रात्रभर तळमळली असती. वाक्य वसीलाच्या जिभेवर आलंही होतं. नर्जिस तिच्याकडेच बघत होती, आई आता काय म्हणते ते ऐकायला. वसीलाने ते वाक्य गिळलं. तेव्हा पोरीने हात लांब करून फोन घेतला.

"आजी, मी नळाचं पाणी प्याले. अजानच्या आधी," तिने सांगितलं. "मुद्दाम."

फोन आईच्या हातात परत देऊन ती टेबलाशी जाऊन बसली आणि हरीऱ्यात पाव बुडवून खायला लागली, दिवसभराच्या भुकेने. वसीलाने फोन कानाला लावला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे त्या भरल्या चौकातली शांतता. दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.