मालनबाईंचं दुखणं

पायलने टीपॉय भिंतीकडे सरकवला, चटईवर आडव्या पडलेल्या सासूबाईंजवळ गुडघे टेकले आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारली.

"मावशी, ऐकू येतंय का? मी पायल. तुम्हाला मदत करू का?"

मालनबाईंनी एक डोळा उघडला.

"नको. हात लावू नको मला."

"आई, असं नसतं करायचं!"

"का? रस्त्यावर पडलेलं माणूस तुझं पुस्तक वाचून पडतं व्हय?"

पायलला हसू आलं. अँब्युलन्स येईपर्यंत जखमीला कसं सांभाळायचं, त्याचा कोर्स ती करत होती. लेखी पेपर सहज निघाला. प्रात्यक्षिकात मात्र ती नापास झाली. सगळं तोंडपाठ होतं, तरी जखमीचं सोंग घेतलेला माणूस ओरडायला लागला तशी तिची वाचाच बसली. आता एकच संधी उरली होती, आणि अँब्युलन्सवरची नोकरी तिच्यावरच अवलंबून होती. म्हणून ती पुन्हा पुस्तक घेऊन बसली, त्याच ओळी पुन्हा रंगवत.

मालनबाईंनीच एका दुपारी ते तिच्या हातून काढून मिटलं होतं. सासरे गेल्यापासून त्या फारशा बोलत नसत. पायलचा नवरा सनी कामावर गेला की नाशिक रोडच्या त्या दोन खोल्यांत कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नसे.

"नुसतं वाचून काय व्हतंय? मला विचार," असं म्हणून त्या स्वतःच चटईवर आडव्या झाल्या.

तेव्हापासून जेवणं आटोपली की त्या रोज नवं दुखणं काढत. कधी जिन्यावरून पडत, कधी भाजून घेत, कधी काहीच न सांगता नुसत्या रडत. पायल आधी आसपास धोका आहे का ते बघायची, आपलं नाव सांगायची, मग श्वास, मग रक्तस्राव. क्रम चुकला की मालनबाई जीभ बाहेर काढून मरून जात, आणि पायल पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. पुस्तक आता ती फक्त चुकलेलं तपासायला उघडायची.

परीक्षेच्या दिवशी जखमीचं सोंग घेतलेल्या बाईने तिचा हात झिडकारला. पायलने हात मागे घेतला.

"बरं, नाही लावत हात. तुमच्याजवळ बसते. कुठे दुखतंय तेवढं सांगा."

बाई सांगू लागली. पुढचं सगळं पायलच्या हातांना आपोआप सुचत गेलं.

संध्याकाळी ती पेढे घेऊनच घरी आली.

"पास झाले, आई. तुमच्यामुळे."

ती पायांशी वाकली. मालनबाईंनी तिला उठवलं, तिच्या गालावरून हात फिरवला, अर्धा पेढा तिला भरवला. मग कोपऱ्यातली चटई उचलून त्या सावकाश गुंडाळू लागल्या.

"म्हणजे आता नाय ना विचारायची तू?"

"काय?"

"कुठं दुखतंय म्हणून." त्यांनी चटईची कड सारखी केली. "हे गेले तवापासून कुणी विचारलंच नव्हतं. तू विचारायचीस, तर लय बरं वाटायचं बघ."

पायलने त्यांच्या हातातून चटई घेतली, पुन्हा अंथरली आणि त्यांना शेजारी बसवलं.

"सांगा. कुठे दुखतंय?"

"खरं सांगू, का परीक्षेतलं?"

"खरं."

मालनबाईंनी तिचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. पायलने तो तिथेच राहू दिला.