समस्त गावकरी, तळवडे

"हात झडतील तुजं, आबाजी! देवमाणसावर अर्ज करतोस?"

मंजुळाकाकी पारावर येऊन आबाजीतात्याला असं बोलली. तात्या पान लावत व्हता. पान हातातच राहिलं.

"मला सही येत न्हाई, बाई. आंगठा हाय माझा. अर्ज काय पायानं लिवू?"

"दुसऱ्याकडनं लिवून घेतला आसशील! डॉक्टरांनी तुज्या बांधावरनं रस्ता न्हेला, तवापासनं तुज्या पोटात दुखतंय."

"दुखतंय की. पण म्हणून मी चोरीचा आळ घालीन व्हय कुणावर?"

अर्ज मी लिवला व्हता. तितंच उभा व्हतो, लिंबाची काडी चावत. त्वांड उघडलं न्हाई.

हिंदुराव डॉक्टर म्हंजी लोकल बोर्डाचे देवी डॉक्टर. देवीचा रोग येऊ नये म्हणून पोरांच्या दंडावर टोचायचं आन् वहीत नाव मांडायचं, येवढीच त्येंची नोकरी. सातारकडचा माणूस, चिंचवडात एकटेच खोली घेऊन राहायचे. आठवडाभर सायकलवर गावं फिरायची, मग रविवारी माणसानं झोपावं का न्हाई? पण रविवारीच हा बाबा सायकल दामटत तळवड्यात हजर. चिखलीकडचा रस्ता श्रमदानानं करायचं ठरलं. पहिल्या दिवशी फोटोवाला आला तर गाव लोटलं. तिसऱ्या रविवारी सात माणसं उरली, त्यात एक डॉक्टर. वर शाळेतल्या पोरांना पाट्या-पेन्सिली, त्यापण पदरच्या.

पारावर समदे म्हणायचे, सरकारी माणूस देतो म्हंजी कुठंतरी खातो. माझा बाप, चिमाजी, आमी त्याला दादा म्हणतो, त्यो एकदा म्हणाला, "लस इकत आसंल!" समदी हसली. मीबी हसलो.

मग त्यो रविवार. मी सहावीतनं शाळा सोडलीय, मास्तरानं पोरांम्होरं कान पिळला म्हणून. रस्त्यावर माती टाकत व्हतो, तर डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "सयाजी, पिंपरीला एवढा कारखाना उभा राहिला. तू काय जन्मभर घमेलीच उचलणार? जा की शाळेत परत."

पोरी खुसूखुसू हसल्या. माझं टाळकं फिरलं. घमेलं आपटलं, घरी गेलो, जुन्या वहीचं पान फाडलं आन् लिवलं, देवी डॉक्टर सरकारी लस इकतो आन् त्याच पैशानं गावात दानधर्म करतो. खाली नाव कुणाचं टाकू? गावच्या अर्जाखाली टाकत्यात तेच टाकलं. समस्त गावकरी, तळवडे. चिंचवडात जाऊन बोर्डाच्या नावानं टपालपेटीत सोडला. सोडला तवाच वाटलं, काढून घ्यावा. हात घातला तर मनगटाच्या म्होरं जाईना.

बोर्डाकडनं डॉक्टरांना कागद आला. बेस्तरवारी बोर्डाचे साहेब चावडीवर येऊन चौकशी करणार. ते कळल्यापासनं गावात ह्यो त्याच्यावर, त्यो ह्याच्यावर संशय घ्यायला लागला. पण डॉक्टरांच्या बाजूनं चावडीवर जायाला कुणी तयार न्हाई. कोंडाजी पाटील स्पष्टच म्हणाले, "समस्त गावकरी म्हंजी आपण समदेच की रं. आता उलटं बोललो तर आपल्यालाच धरतील, खोटा अर्ज का केला म्हणून."

काल दुपारी ऱ्हावलं न्हाई. चालत चिंचवडला गेलो. डॉक्टर चटईवर बसलेले, म्होरं कागद, बाजूला कागदाचे बोळे.

"ये, सयाजी. साहेबांनी खुलासा मागितलाय. सुट्टीच्या दिवशी त्या गावात का जाता? पदरचं का देता? हेतू काय?" ते हसले. "तू सांग, काय लिहू?"

"खरं आसंल ते लिवा."

त्येंनी कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "नोकरीला लागून सहा महिने झाले होते. भीमेकडच्या एका गावात एका बाईनं भिऊन पोर धान्याच्या कणगीत लपवलं. मला आतनं रडणं ऐकू आलं. पण दिवस कलला होता, अजून एक गाव राहिलं होतं. वहीत लिहिलं, मूल परगावी. पुढच्या उन्हाळ्यात तिथं देवीची साथ आली. मी गेलो तर ती बाई एकटीच दारात बसलेली. मला म्हणाली, डॉक्टर, तुमाला ऐकू आलं व्हतं न्हवं?"

मी खाली बघितलं.

"म्हणून जातो, बाबा. ज्यांच्याबरोबर रविवारी माती ओढली त्यांच्या बायका सोमवारी पोरं लपवत नाहीत, हे मला मागनं कळलं. आधी नुसतं घरी बसवत नव्हतं."

"मग ह्येच लिवा की!"

"हे लिहिलं तर खोटी नोंद केली म्हणून नोकरी जाईल. नाही लिहिलं तर लसचोर ठरेन."

माझ्या जिभेवर आलं व्हतं. तेवढ्यात त्येंनी चहा केला, आर्धा माझ्या बशीत वतला. मी त्यो चहा पिलो आन् काय न बोलता निघून आलो. अर्जापेक्षा त्या चहाची लाज जास्त वाटती.

आज सकाळी दादाला सांगितलं, "अर्ज मी लिवला." वाटलं, पायताण काढंल. त्येनं मला हाताला धरून खाली बसवलं. मग हळूच म्हणाला, "गप ऱ्हा. तुरुंगात घालतील. डॉक्टर काय, जातील. दुसरा येईल."

"आन् त्यो दुसरा कणगीतलं पोर परगावी लिवणारा आला तर?"

मी येवढ्यांदा वरडलो की गोठ्यातला बैल बिचकला. दादाला परगावीचं काय कळणार? पण त्यो उठला आन् दारात आडवा बसला. अजून तितंच बसलाय.

घराम्होरच्या चावडीपशी जीप थांबली. शिपाई पहिली हाक आबाजीतात्याला मारतोय, कुणीतरी त्येचंच नाव सांगितलं आसणार. तात्या म्हणतोय, "आलो साहेब, आलो." मागल्या भिंतीवरनं उडी मारता येईल. मला आता चावडीवर निघायला पाहिजे.